नायगावचे नेवसे पाटलांचे घर

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरा नदीच्या अलीकडे खंडाळा तालुका लागतो. या तालुक्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या शेतकरी घरात, ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला आणि १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी विवाह होऊन त्या पुण्याला गेल्या. त्यांची पुढची हकीकत भिडेवाड्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. आपण मात्र त्यांच्या माहेरीच थांबणार आहोत.

स्टॉकहोममध्ये १८९१ साली सुरू झालेल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतील शेतकऱ्यांची जुनी घरे उतरवून आणून पुन्हा उभी केली आहेत. लाकडी ओंडक्यांच्या घरांना असा प्रवास मानवतो. आपल्याकडची मातीची भिंत एकदा उकलली की तिचा ढिगाराच होतो. नायगावचे घर जिथल्या तिथे, गावातच स्मारक म्हणून जपले गेले, हे या दृष्टीनेही योग्यच झाले.

तसे पाहता शेतकऱ्याचे घर राबत्यानेच टिकते. चुलीच्या धुराने आढे आणि वासे काळवंडतात, पण त्याच धुरामुळे लाकडाला कीड कमी लागते. सारवणाने जमिनीच्या भेगा बुजतात, आणि मृगाच्या आधी छप्पर शाकारले की पाणी भिंतीत मुरत नाही. घराचे स्मारक झाल्यावर चूल विझते, आणि घरच्या बायका न बोलता करत आलेली ही कामे जतन करणाऱ्यांना मुद्दाम, खर्च करून करावी लागतात.

सावित्रीबाईंचे माहेर विवाहाबरोबर सुटले नव्हते. १८५६ साली आजारपणानंतर त्या नायगावात होत्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. परंतु महार-मांगांसाठी तुम्ही पतिपत्नी जे करता ते जातीला बुडवणारे आहे, असेही त्यानेच ऐकवले. गाईबकऱ्यांना कुरवाळणारा आणि नागपंचमीला नागाला दूध पाजणारा तू माणसालाच अस्पृश्य कसा मानतोस, असा उलट प्रश्न सावित्रीबाईंनी त्याला केला. हा सारा वाद त्यांनी १० ऑक्टोबरच्या पत्रात जोतीरावांना कळवला आहे. जन्मस्थान म्हणून या घराला लोक नमस्कार करतात, पण आमच्या मते त्याचे खरे मोल अशा पत्रांमुळे कळते. कारण ज्यांच्याशी वाद घालायचा ती माणसे परकी नव्हती, आजारात उशाशी बसणारी होती.

२९ ऑगस्ट १८६८ चे दुसरे पत्रही नायगावहूनच लिहिलेले आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार समाजातील सारजा यांना गावकरी मारून टाकायला निघाले असता सावित्रीबाई धावून गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला अडवले, आणि त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.