डावा हात

[पहाट. बेळगाव, शहापूर. पावसानं भिजलेली गल्ली. अर्धवट वर गेलेलं शटर, आतून पिवळा उजेड.]

शहापुरात उजाडतं ते मागाच्या खडखडाटानं. पलीकडे वडगाव, खासबाग, सगळी विणकरांची वस्ती. मागावर बसण्याआधी दाढी उरकून घेणारी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे या सलूनचं शटर गल्लीत सगळ्यात आधी वर जातं.

[आतली भिंत. दोन तसबिरी, एकच लांब हार. खाली खिळ्याला चामड्याचा पट्टा.]

डावीकडे न्हावी संत सेना महाराज. उजवीकडे हडपद अप्पण्णा, बाराव्या शतकातले शरण, म्हणजे शिवभक्त, बसवण्णांच्या सहवासातले. हडप म्हणजे कन्नडमध्ये विड्याच्या पानांची पिशवी. आमच्या मराठीत न्हाव्याची पिशवी ती धोकटी. दोन्ही पिशव्यांची माणसं इथं एकाच हारात आहेत.

[मामा आरशासमोर. शेजारी विशीतला मुलगा.]

गल्ली यांना मामा म्हणते. या मुलाचे मात्र ते सख्खे मामा. खानापूर तालुक्यातल्या गावातून भाचा धंदा शिकायला आलाय. मशीनची कटिंग त्याला येते. वस्तरा येत नाही.

[अगदी जवळून : वस्तरा उघडतो. पात्यावर झिजलेली अक्षरं.]

हा वस्तरा मामांच्या वडिलांचा. पात्यावर 'सोलिंगेन' एवढं अजून वाचता येतं. जर्मनीतलं हे गाव वस्तरे आणि सुऱ्यांसाठी जगभर ओळखलं जातं. जिलेटचा सेफ्टी रेझर 1903 साली विक्रीला आला. तोवर बहुतेकांची दाढी म्हणजे हे असं उघडं पातं गालाला लावायचं.

पाठीकडून धारेकडे पातं कसं पातळ होत गेलंय, बघा. मधे दोन्ही अंगांनी खोलगट आहे. दगडावर किंवा पट्ट्यावर वस्तरा सपाट ठेवला की पाठ आणि धार एकदमच टेकतात. धारेचा कोन हाताला ठरवावा लागत नाही, घडवणाऱ्यानंच तो पात्यात ठरवून ठेवलाय.

[पट्टा ताणलेला. वस्तरा खाली-वर. फक्त मूळ आवाज, दहा सेकंद.]

पहिले पंधरा दिवस भाच्यानं एवढंच केलं. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा ढकलायचा. पट्ट्यावर उलटं : पाठ पुढे, धार मागून फरपटत. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच उलटायचा, चामड्यावरून पाठ उचलायची नाही. धारेवर उलटला तर पट्टा चिरतो आणि धार मुडपते.

हा आडवा वण दिसतोय ना पट्ट्यावर? तो भाच्याचा, तिसऱ्या दिवशीचा. मामा ओरडले नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कशाला घाई कराल्यास? सावकाश."

सावकाश. हा शब्द इथं मराठीतही चालतो आणि कन्नडमध्येही. शूटिंगच्या चार दिवसांत या दुकानात आम्ही सगळ्यात जास्त वेळा हाच ऐकला.

[फेसानं माखलेला फुगा. वस्तरा फेस खरवडतोय.]

मग फुगा. फुग्याला फेस लावायचा, वस्तऱ्यानं काढायचा. हात जड झाला की फुगा फुटतो.

[मूळ आवाज : फट्‌. बाकावरची पोरं हसतात. भाचा दुसरा फुगा फुगवतो.]

[भाचा आरशासमोर. दाढी चार दिवसांची. तोंडावर गरम, ओला टॉवेल.]

आज भाचा वस्तरा स्वतःच्या गालाला लावणार आहे. मामांचा नियमच आहे : स्वतःच्या तोंडावर हात बसल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा नाही.

टॉवेल दोन-तीन मिनिटं तसाच. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. कोरड्या खुंटावर वस्तरा अडखळतो, आणि अडखळला की माणूस दाबतो. मग ब्रश गोल गोल फिरवून दाट फेस. घाईच्या गिऱ्हाइकाला हा वेळ वाया गेलेला वाटतो. निम्मी दाढी मात्र इथंच झालेली असते.

[अगदी जवळून : दोन्ही हात.]

आता सगळ्यांची नजर उजव्या हाताकडे, वस्तऱ्याकडे. मामांची नजर डाव्या हाताकडे आहे.

उजव्याचं काम तसं थोडं. तीन बोटं वस्तऱ्याच्या मानेवर, अंगठा खालून, करंगळी मागच्या शेपटीवर. पातं गालाशी तीसेक अंशांत. त्याहून आडवं झालं तर केस ओढला जातो, उभं झालं तर कातडी कापते. वस्तरा पाठीच्या दिशेनं कधी सरकला तरी चालेल, पण धारेच्या रेषेत आडवा कधीच नाही. आपण सुरीनं टोमॅटो कापतो तो तसाच, आडवी सुरी ओढून.

खरं काम डाव्याचं. कानाजवळची कातडी वर ओढायची, गाल पाटीसारखा सपाट करायचा, मगच वस्तरा ठेवायचा. एक आखूड हात. पुन्हा ताण. पुन्हा एक आखूड हात. हनुवटीखाली मान मागे. गळ्याच्या गाठीवरून वस्तरा न्यायचाच नाही. कातडी बाजूला ओढून गाठीशेजारच्या सपाटीवर घ्यायची आणि तेवढा वेळ आवंढा गिळायचा नाही. बोटं फेसानं निसटतात, म्हणून हा तुरटीचा खडा. बोटांना चोळला की पकड येते.

[मूळ आवाज : वस्तऱ्याची बारीक खर्र. मागे पाऊस.]

आधी सरळ, म्हणजे केसांच्या ओघानं. उलटी दाढी इतक्यात नाही. मामांनी तशी ताकीद दिलीय.

हनुवटीच्या खळग्यात हात थांबला. तिथं डावी बोटं सुटली.

[लाल ठिपका. मामा तुरटी पुढे करतात. कुणी बोलत नाही.]

[गिऱ्हाइकाची खुर्ची. मामा ब्लेडचं पाकीट फोडतात, ब्लेड मधोमध मोडतात, अर्धं दुसऱ्या वस्तऱ्यात सरकवतात.]

गिऱ्हाइकाच्या गालावर वडिलांचा वस्तरा मामा चालवत नाहीत. तिथं हा ब्लेडचा वस्तरा, आणि प्रत्येकाला नवं ब्लेड, त्याच्या डोळ्यांदेखत. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीसुद्धा रक्तातून पसरतात. नवं ब्लेड दिसलं नाही तर मागून घ्या.

[गिऱ्हाईक, वडगावचे विणकर, मान मागे टाकून, डोळे मिटून. मामांची डावी बोटं गालावर.]

हाच हात, हीच बोटं. गळ्याशी धार असताना माणूस इथं डोळे मिटून पडतो, कधी चक्क घोरतो. आम्ही याला नुसतं 'दाढी केली' म्हणत आलो. कारागिरी म्हणायला इतकी वर्षं का लागली, हे आम्हाला या खुर्चीसमोर कॅमेरा लावल्यावर जाणवलं.

[संध्याकाळ. भाचा खुर्चीवर, मांडीवर फडकं. हनुवटीवर तुरटीचा पांढरा डाग.]

सोलिंगेनचं पोलाद जितकी चांगली धार घेतं, तितक्याच लवकर गंजतं. बेळगावच्या पावसात ओला राहिला तर सकाळी पात्यावर तपकिरी ठिपके. म्हणून पाठीकडून धारेकडे पुसायचं, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

मामा शटर ओढायला उठलेत. भाचा पुन्हा एकदा पुसतोय.

"उद्या परत?"

"चार दिवस जाऊ देत. दाढी वाढू दे की."