पादचाऱ्याचा अपघात: मनाला झालेली इजा न्यायाधिकरणासमोर कशी सिद्ध करावी

नमस्कार. रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसलेल्या माणसाचे हाड काही महिन्यांत जुळते, पण सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी त्याचे पाऊल पुढे पडत नाही. अशा माणसांचे दावे मी चालवतो आणि त्यांच्या अर्जात बहुधा एकच ओळ सापडते: ‘अर्जदारास अतोनात मानसिक त्रास झाला.’ या ओळीने काहीही सिद्ध होत नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 168 प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने न्याय्य भरपाई द्यायची असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेदना, यातना आणि मानसिक आघात यांसाठी वेगळे सदर सांगितले असून साध्या दुखापतीतही त्याखाली रक्कम मिळू शकते. मात्र जगण्यातल्या सुखांना मुकल्याची भरपाई गंभीर दुखापतीतच, आणि अर्जदाराच्या सांगण्याला नेमक्या वैद्यकीय पुराव्याचा दुजोरा असेल तरच मिळते.

म्हणून झोप लागत नाही, हॉर्न वाजला की छातीत धडधडते, हे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरवर नोंदवून घ्या. साक्षीच्या आदल्या आठवड्यात आणलेला दाखला उलटतपासणीत टिकणे फार अवघड असते. ज्यांनी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार दाखल्यांबद्दल त्याच निकालात न्यायाधिकरणांना सावध केलेले आहे, तेव्हा साक्षीला उपचार करणारे डॉक्टरच बोलवा.

शपथपत्रात विशेषणे नकोत, दिनक्रम लिहा. माझ्या एका अशील बाई अपघातापूर्वी रोज चौक ओलांडून भाजी आणायच्या. नंतर शेजारीण त्यांना हाताला धरून नेऊ लागली, आणि हात सुटला की त्या तिथेच दुभाजकावर बसून राहायच्या. विमा कंपनीच्या वकिलांनी शेजारणीला विचारले, “तुम्ही डॉक्टर आहात का?” त्या म्हणाल्या, “नाही. पण त्यांचा हात मी धरते, तो थरथरतो.” ही साक्ष मला कोणत्याही छापील दाखल्याहून मोलाची वाटली, कारण येथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, अधिक संभवनीय काय एवढेच पाहिले जाते.

कलम 166 मधील दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रजेचे अर्ज रुग्णालयात असतानाच एका फाइलमध्ये लावायला घ्या.