केसाच्या दोन्ही अंगांनी

सोयाबीनच्या गंजीवर टाकायची ही ताडपत्री. आज ती यवतमाळ जिल्ह्यातल्या या शाळेच्या खिडकीवर चढतेय. एक टोक खिळ्याला, दुसरं दगडाखाली. फटीतून ऊन येतंच, म्हणून वर बारदाना. विदर्भाच्या उन्हात भरदुपारी अंधार करणं, प्रयोगातलं सगळ्यात मेहनतीचं काम हेच.

बाकी सामान म्हणजे बाजारातलं लेझर, चिकटपट्टी आणि आठवीतल्या मुलीचा एक केस. सर तो लेझरच्या तोंडावर उभा ताणून चिकटवतात. निसटतो. पुन्हा ताणतात. "डोळ्यावर कोणी मारायचं नाही, भिंतीकडेच!"

बटण दाबलं. भिंतीवर लाल तुकड्यांची आडवी रांग.

"सर, मधामधात काळं काहून आलं?"

उजेड केसाच्या दोन्ही अंगांनी जातो आणि पुढे मिसळतो. लाटेला लाट मिळाली तिथं लाल, लाटेनं लाट मारली तिथं काळं. भिंत ४ मीटरवर, लगतच्या दोन काळ्या जागांत ४ सेंटीमीटर. भागाकार १००. लेझरच्या चिठ्ठीवर लिहिलेली उजेडाच्या लाटेची लांबी, ६५० नॅनोमीटर, गुणिले १००, म्हणजे केसाची जाडी ६५ मायक्रोमीटर. शाळेतल्या फूटपट्टीनं मोजलेला केस!

आता सरांच्या मोबाइलवर बघा. १९८९ साली जपानमध्ये अकिरा टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी केसाच्या जागी एक बारीक तार ठेवून इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर एक ठिपका इथं, दुसरा भलतीकडेच. हजारो साचले आणि त्यातूनच पट्टे उभे राहिले. एकट्या इलेक्ट्रॉनलाही लाटेचा नियम लागू. त्या लाटेचं, म्हणजे वेव्ह फंक्शनचं, समीकरण भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरनं १९२६ मध्ये मांडलं. त्याच वर्षी दुसरा भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्ननं सांगितलं की लाटेच्या उंचीचा वर्ग घ्या, ठिपका तिथं पडण्याची शक्यता मिळते. लाट सगळीकडे पसरलेली, ठिपका मात्र एकाच जागी. तो पडला की पसरलेली लाट तेवढ्याच जागेपुरती उरते. यालाच वेव्ह फंक्शन कोसळणं म्हणतात. श्रोडिंगरच्या समीकरणात हे कोसळणं नाही, आणि ते कसं घडतं यावर आजही एकमत नाही.

"मंग तो इलेक्ट्रॉन तारेच्या कोण्या बाजूनं गेला?"

ते नोंदवायला गेलं की पट्टेच नाहीसे होतात. तो प्रयोग करण्याची सोय इथं नाही, आणि दहावीच्या पेपरातही हा प्रश्न येत नाही.

लेझर आता मुलींच्या हातात आहे. एकीनं बैलाच्या शेपटीचा केस आणलाय. केस जाड, त्यामुळे पट्टे दाट. फूटपट्टी आधी कोणाला, यावरून भांडण जुंपलंय.