फावड्यावरचं भरीत

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका गाडीत बसवायचं आहे. ही गाडी आपल्याकडची नाही. वेल्समध्ये, समुद्रकाठच्या टाउइन नावाच्या छोट्या गावातून ती सुटते आणि डोंगरात जाते. रेल्वेचं नाव टालिथलिन. पुन्हा सांगते, टालिथलिन. रुळांमधलं अंतर सव्वादोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा तीनच इंच जास्त. लांबी सव्वासात मैल. आणि इंजिन वाफेचं.

१८६५ साली ही रेल्वे सुरू झाली ती खाणीतला पाटीचा दगड खाली आणायला. आपण ज्या पाटीवर अ-आ-इ-ई गिरवलं, त्याच जातीचा दगड. तिकडे तो घरांच्या छपरांवर घालतात. १९४६ साली खाण बंद पडली. रेल्वेचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता, मी आहे तोवर गाडी चालेल. १९५० च्या जुलैत ते वारले. गाडी आता मोडीत जाणार, असं सगळे धरून चालले होते. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या एका इंजिनिअर-लेखकानं पुढाकार घेऊन ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरवली, आणि जमलेल्या लोकांनी ठरवलं, ही रेल्वे आपण चालवायची. नोकरी-धंदा सांभाळून, सुटीच्या दिवशी, बिनपगारी. १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी सुटली. धावण्याजोगं इंजिन एकच होतं, डॉल्गोख, १८६६ सालचं. रूळ इतके झिजलेले की ते गवतानंच जागेवर धरून ठेवलेत असं लोक म्हणायचे. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती, तिची दोन इंजिनं त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना विकत आणली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे. हे लक्षात ठेवा, जगातली पहिली.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते.

माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन होते, म्हणजे फावड्यानं इंजिनाच्या आगीत कोळसा टाकणारे. सरकारनं ती रेल्वे १९५४ सालीच ताब्यात घेतली होती, पण आमच्याकडे तिला सगळे बार्शी लाइटच म्हणायचे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, अशी ती अडीच फुटी गाडी. आषाढीला टपासकट भरून जायची. अण्णा रात्रपाळीहून घरी आले की त्यांच्या अंगाला कोळसा, तेल आणि वाफ यांचा मिळून एक वास यायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मला इंजिनावर चढायचं असायचं. उत्तर ठरलेलं, मुलींनी लोकोशेडमध्ये जायचं नसतं. आपण मुलींना किती दारांबाहेर उभं केलं, याचा मला अजून राग येतो.

तर टाउइनच्या फलाटावर मी उतरले आणि तोच वास आला.

इंजिनापाशी एक साठीपुढचे गृहस्थ तेलाची झारी घेऊन उभे होते. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेले, इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरहून महिन्यातून दोनदा येणारे. ते ड्रायव्हर. मी म्हटलं, माझे वडील नॅरोगेजवर फायरमन होते, भारतात. त्यांनी विचारलं, कुठल्या रेल्वेवर? मी म्हटलं, बार्शी लाइट. त्यांनी झारी खाली ठेवली.

"म्हणजे कॅलथ्रॉपची?"

श्रोतेहो, मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्या इंजिनिअरनं १८९७ साली आमची बार्शी लाइट उभी केली! त्याच कॅलथ्रॉपनं पुढे १९०४ साली स्टॅफर्डशरमध्ये तशीच अडीच फुटी रेल्वे बांधली होती आणि तिची इंजिनं बार्शीच्या इंजिनांच्या धाटणीची होती. ती रेल्वे १९३४ साली बंद पडली. या गृहस्थांचे आजोबा तिच्यातून बाजाराला जायचे. म्हणजे त्यांच्या आजोबांची गाडी आणि माझ्या अण्णांची गाडी एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली.

मग गप्पा थांबेनात. ते म्हणाले, आम्ही फावड्यावर अंडी तळून खातो. मी म्हटलं, अण्णा फावड्यावर वांगं भाजायचे. त्यांना ते काही केल्या समजेना. भाजी अख्खीच्या अख्खी आगीत? मग त्याचं करता काय? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्या सकाळी सहाला टाउइनमधल्याच पेंड्रेच्या इंजिनशेडमध्ये या.

सहाला गेले. गाडी सुटायच्या तीनएक तास आधी इंजिन पेटवावं लागतं. आधी बॉयलरच्या काचनळीत पाणी किती आहे ते बघायचं, कालची राख काढायची, मग तेलाच्या चिंध्या आणि लाकडं, आणि ती पेटल्यावर कोळसा. ही चूल आहे, श्रोतेहो, चूल. घाई केली की धूर होतो. एक सतरा वर्षांची मुलगी पितळेचे भाग पुसत होती. तिनं माझ्या हातात कॉटन वेस्टचा बोळा दिला, कुणी काही विचारलं नाही, आणि मी पुसायला लागले. ती मुलगी क्लीनर. तिथंही शिडी तीच आहे. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर. अण्णांची हीच शिडी होती. क्लीनर, फायरमन, ड्रायव्हर. फरक एवढाच, की इथं त्या शिडीवर मुलगी उभी होती.

वाफेचा काटा हलायला लागला तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी डब्याच्या पिशवीतून एक भलंमोठं काळं वांगं काढलं. माझ्यासाठी आणलेलं! फावडं आधी आगीत धरून तापवलं, गरम पाण्याच्या नळीनं धुतलं, त्यावर वांगं ठेवलं आणि फावडं माझ्या हातात दिलं. मी इंजिनावर चढले. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. आग बघवत नाही इतकी पांढरी असते. वांग्याची साल पाच मिनिटांत तडतडली. देठाला धरून उतरवलं, साल काढली, चाकूनं कांदा चिरला, मीठ घातलं. मिरची कुठली मिळायला! पण सोलापूरचं माणूस शेंगाचटणीशिवाय घर सोडत नाही. ती पिशवीत होतीच. पत्र्याच्या ताटलीत भरीत कालवलं आणि पावाला लावून आम्ही सगळ्यांनी उभ्यानं खाल्लं. ती मुलगी म्हणाली, याला धुराची चव आहे. मी म्हटलं, तीच तर खरी चव.

ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, तुमच्या स्टेशनचं नाव पुन्हा सांगा. कुर्डुवाडी. त्यांना 'ड' म्हणताच येईना. चहाचा मग हातात धरून ते घोकत राहिले.

आता प्रवासाचं थोडक्यात. गाडी तासाभरात वर शेवटच्या स्टेशनला, नांत ग्वेर्नॉलला पोचते. वाटेत डॉल्गोख नावाच्याच स्टेशनवर इंजिन पाणी घेतं, तिथं धबधबा आहे, उतरून तो बघा आणि मागच्या गाडीनं पुढे जा. डब्यांना दारं एकाच बाजूला आहेत. रेल्वे बांधताना पुलांखालची जागा अरुंद पडली, तेव्हा तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं एका बाजूची दारं कायमची बंद करायला लावली आणि पुलांखाली रूळ एका अंगाला सरकवून घेतले. आजही ते तसेच आहेत. खिडक्या मात्र उघडतात. गाडीची खिडकी उघडता आली पाहिजे. आपल्या काचबंद डब्यांत बसून पोरांना रूळ बदलल्याचा आवाजसुद्धा कळत नाही.

२०२१ साली ही रेल्वे पाटीच्या खाणींबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. म्हणून काम कमी झालेलं नाही. २०२३ साली दक्षिण वेल्समधली फोस-ई-व्रान कोळशाची खाण बंद झाली, तेव्हापासून वाफेच्या रेल्वेंपुढे चांगल्या कोळशाचा प्रश्न आहे. पावसाळी दिवसांत ही माणसं गुडघ्यावर बसून स्लीपर बदलतात, गटारं उपसतात, कुंपणं बांधतात. आपल्याकडे स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर इंजिनं उभी केलेली असतात, त्यांना दरवर्षी भडक रंग फासतात. मला ते बघवत नाही. त्यातलं एखादं तरी पेटवायला शिकणारी दहा-वीस मुलं-मुली मिळाली तर त्यांना फावडं धरायला मी शिकवीन. आता मला येतं.

जायचंच असेल तर बर्मिंगहॅमहून टाउइनपर्यंत रेल्वेनं जा, शेवटचा रस्ता समुद्राला लागूनच आहे. आणि एक रात्र गावात मुक्काम करा. पुन्हा सांगते, मुक्काम करा, म्हणजे सकाळची शेड बघता येईल.

त्या दिवशी मी पहिल्याच गाडीनं निघाले. गार्डानं शिटी दिली, हिरवा बावटा हलवला. पुढून इंजिनाची लांब शिट्टी आली, आणि तिच्या पाठोपाठ ड्रायव्हरसाहेब खिडकीबाहेर डोकं काढून मागे वळून ओरडले, "कुर्डुवाडी!"

'ड' अगदी बरोबर लागला होता.

नमस्कार.