मिनिकॉयचा थर्मामीटर

मे महिन्यात पोवई नाक्यावर कुणालाही विचारा, "पूर्वी सातारा एवढा तापत नव्हता" हेच ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाहीये, पण सातारा तरी पूर्वीचा कुठं राहिलाय, कौलं जाऊन स्लॅब आले, माती जाऊन डांबर आलं, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. मग या उकाड्यात गावाचा वाटा किती आणि सगळ्या जगाचा किती, हे वेगळं काढायचं कसं?

त्यासाठी आपण चाललोय मिनिकॉयला. लक्षद्वीपच्या पार दक्षिणेला, पाच चौरस किलोमीटरसुद्धा नसलेलं बेट, नारळाची झाडं, 1885 सालचं दीपगृह आणि हवामान खात्याची वेधशाळा.

वेधशाळेतली ती पांढरी लाकडी पेटी नीट बघा. तिरक्या फळ्या, वारा आत जातो पण ऊन नाही, दारसुद्धा उत्तरेला. कमाल तापमानाच्या थर्मामीटरमध्ये पारा, ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा, चढला की आपोआप उतरत नाही. किमानवाल्यात अल्कोहोल, त्यात एक बारीक कांडी, थंडी वाढेल तशी ती मागं ओढली जाते आणि सगळ्यात कमी आकड्यावर थांबते. अशीच पेटी आमच्याकडं एका शेतकी कॉलेजच्या रानात बघितली होती. पेटी उचलून भिंतीजवळ ठेवली तरी आकडे बदलतात, म्हणून जागा आणि वेळ वर्षानुवर्षं तीच लागते.

बेटाची हवा समुद्राच्या तालावर चालते. पाणी उष्णता खोलवर मुरवतं त्यामुळं ते सावकाश तापतं. 1850 ते 1900 च्या तुलनेत 2011 ते 2020 या दशकात जगातली जमीन सरासरी 1.59 अंशांनी तापली, समुद्राचा पृष्ठभाग 0.88 अंशांनी. आकडा लहान म्हणून बेट निवांत आहे असं अजिबात समजू नका, 1998, 2010 आणि 2016 ला लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली, जिवंत खडक डोळ्यांदेखत मरताना बघणं फार वाईट असतं. ही तिन्ही एल निनोच्या तडाख्याची वर्षं, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हाची. म्हणून एकदोन वर्षांवर जायचं नाही, निदान 30 वर्षांची सरासरी घ्यायची, 1991 ते 2020 अशी, आणि ती आधीच्या 30 वर्षांशी ताडून बघायची.

त्यातही मला विचाराल तर किमानचा आकडा आधी बघा. साताऱ्यात रात्रीचा उकाडा वाढला की स्लॅबवर संशय घ्यावा लागतो. मिनिकॉयच्या पेटीभोवती शहरच नाही, तिथली पहाट वर्षागणिक गरम होत गेली तर ती गरमी समुद्रावरूनच आलेली.