काठी, चाकोरी आणि अंगठा

नमस्कार मंडळी. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली एक पाच फुटी बांबूची काठी असते, तिच्यावर फूटभरावर एक लाल टेप आणि दीड फुटावर दुसरी. भांडुपला आमच्या सोसायटीच्या वॉचमननी एकदा विचारलंच, साहेब, कुत्री मारायला का? म्हटलं नाही हो, ओढा मोजायला. त्याला पटलं नाही ते सोडा, पण आजचं माझं बोलणं सगळं या काठीवरच आहे.

आता थार झाली, जिम्नी झाली, मुंबईत दर दुसऱ्या बिल्डिंगखाली एक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, उभी असते, आणि शनिवारी रात्री ठरतं की उद्या पहाटे माळशेज, नाहीतर कर्जतच्या आत कुठेतरी. जा की! फक्त एक सवय लावून घ्या, खराब जागा दिसली की आधी गाडी थांबवायची, दार उघडायचं, खाली उतरायचं आणि तो पट्टा पायानी चालून यायचा. बूट भरले तर भरू देत.

मी हे शिकलो ते माळशेजच्या वाटेवर, टोकावड्याच्या पुढे. सेकंडहँड जिप्सी नवीन नवीन घेतलेली, पावसाळा, समोर ओढा, पाणी गढूळ पण दिसायला जेमतेम घोट्याएवढं, आणि मागे दोन मित्र मोबाइल काढून व्हिडिओला तयार, मग काय, घातली. मधे गेल्यावर पुढचं डावं चाक असं खाली गेलं की माझी हनुवटी आपटली, इंजिन बंद. पलीकडे एक आजी म्हशी घेऊन उभ्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "आरं बाबा, तिथून तर म्हस बी जात नाय. इचारायचं तरी!" आणि हातातल्या काठीनी दाखवलं की वाट दहा पावलं वर आहे, जिथे पाणी पसरून वाहतं आणि खाली गोटे आहेत. पाणी अरुंद आणि शांत दिसतं तिथे ते खोल असतं, हे शाळेत कोणी सांगत नाही.

मग मी दुसरा गाढवपणा केला, परत स्टार्टर मारायला गेलो. मित्रानी हात धरला म्हणून वाचलो. इंजिनात पाणी शिरलं असेल तर स्टार्टर मारायचाच नाही, कारण हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो ऐकून आपणच खाली बसतो. थारची कंपनी 650 मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणून सांगते, बरोबर आहे, पण ते उभ्या पाण्याचं. वाहतं पाणी वेगळं. फूटभर जोरातलं पाणी छोटी गाडी उचलायला लागतं, टायरमधे हवा आहे, गाडी म्हणजे शेवटी एक डबाच. म्हणून माझा हिशोब असा की वाहत्या पाण्यात पहिली टेप भिजली की मागे फिरायचं, दुसरी टेप फक्त साचलेल्या पाण्यासाठी. आणि आत जायचंच तर फोर एल (चारही चाकं, वेग कमी पण ताकद जास्त), पहिला नाहीतर दुसरा गिअर, एकच वेग, मधे क्लच नाही, गिअर बदलणं नाही, काचा खाली. काचांचं मुंबईकराला वेगळं सांगायला नको, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काही माणसं बंद गाडीतच गेली.

उतारावर सगळ्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथेच घसरते गाडी. ओल्या मुरमावर चाकं लॉक झाली की स्टिअरिंगला काही अर्थच राहत नाही. फोर एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढून खाली ठेवायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं, सुरुवातीला जीव घाबरतो पण धरतं. उतार नाकासमोर सरळ उतरायचा, तिरका नाही, तिरकी गेली की कलंडते. चढावर बंद पडली तरी वळवायची नाही, रिव्हर्स टाकून आली तशी सरळ मागे. कलंडायला लागलीच तर कोणीही हात बाहेर काढायचा नाही, माणूस सवयीनी आधार द्यायला हात काढतो आणि दीड टनाला हातानी आधार देता येत नाही. बेल्ट तर पाचच्या स्पीडलाही हवा.

चाकोरी हा शब्द आपण भाषणात वापरतो, खरी चाकोरी चिखलातली. त्यात गाडी आपणहून चालते, तुम्ही स्टिअरिंग फिरवलेलं असतं पण गाडी वळत नाही म्हणून कळतच नाही, आणि पुढे कड तुटलेली आली की वळलेल्या चाकांना पकड मिळते आणि गाडी टुणकन शेतात. म्हणून शेजारच्याला डोकं बाहेर काढून बघायला सांगायचं, चाकं सरळ आहेत का रे? आणि अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. माझ्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही, चाक दगडावर आपटलं आणि स्टिअरिंग गर्रकन फिरलं, तीन आठवडे मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

टायरमधली हवा. डांबरीवर 30-32 पीएसआय असेल तर चिखलात, वाळूत मी 18-20 वर आणतो, टायर लांब पसरतो आणि रुतत नाही. 15 च्या खाली नको, टायर रिमवरून निसटतो. बीचवर मात्र हवा कमी करूनही जाऊ नका, एक तर पोलीस धरतात आणि दुसरं म्हणजे रुतलात की समुद्र थांबत नाही. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे, पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे साधारण पावणेचारला पूर्ण भरती. हे न येणारी माणसं लाखांची गाडी पाण्यात ठेवून येतात.

दोन गाड्या असल्याशिवाय जाऊ नका. ओढताना दोरावर जाड गोधडी टाका, तुटला तर गोळीसारखा येतो, बघे लांब उभे करा. आणि भाताच्या बांधावरून गाडी नको, तो कोणीतरी हातानी घातलेला असतो.

परत येताना डांबर लागलं की आधी हवा भरा, फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) मधून गाडी परत दोन चाकांवर आणा, ब्रेक दोन-चारदा हळू दाबून वाळवा. आणि कल्याणच्या अलीकडे साठच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंटवाल्याकडे धावू नका, रिमच्या आत चिखल वाळलेला असतो. बाजूला घ्या आणि खरवडून काढा. काठी असतेच.