मानमोडी येण्याआधी लस

श्रोतेहो, नमस्कार.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग विषाणूमुळे होतो आणि तो एकदा खुराड्यात शिरला की त्यावर औषध चालत नाही. कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून धापा टाकते, हिरवट पातळ हगवण लागते, आणि जी यातून तगते तिची मान पुष्कळदा पिळवटलेलीच राहते.

लसीची धावपळ मात्र शेजारी मर सुरू झाल्यावर होते. प्रतिकारशक्ती तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागत असल्याने आधीच लागण झालेल्या पक्ष्याला लस वाचवू शकत नाही. शिवाय, एकामागून एक पक्षी हाताळणारा हातच रोग पसरवतो. मग कोंबड्या मरतात आणि दोष लसीच्या माथी मारला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. लस द्यायची ती सगळे पक्षी निरोगी असतानाच.

लासोटासारखी जिवंत विषाणूची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली आय-टू लस उष्णता अधिक सोसते, पण उन्हात ठेवलेली कुपी तिचीही वायाच जाते. लस बर्फाच्या डब्यातून आणावी आणि पातळ केल्यावर लगेच वापरून संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवू नये.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या भल्या पहाटे, खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी धराव्यात. एकाने पंख आवळून पक्षी आडवा धरावा, दुसऱ्याने ड्रॉपर उभा ठेवून डोळ्यात एकच थेंब सोडावा, आणि तो डोळाभर पसरेपर्यंत कोंबडी सोडू नये. मान झटकून थेंब बाहेर उडाला, तर तो पुन्हा द्यावा. पिण्याच्या पाण्यातूनही काही लसी देतात, परंतु कोणती कोंबडी किती प्याली हे कळत नसल्याने, पाचपन्नास पक्षी असतील तर डोळ्यातला थेंबच बरा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण लस आपल्या डोळ्यात गेल्यास डोळे येतात.

डोळ्यातून दिलेल्या लसीचे संरक्षण कायमचे नसते. आय-टू साधारण दर चार महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. इतर लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकाला विचारून घ्यावे. देवी किंवा कोंबड्यांचा कॉलरा या लसीने टळत नाही. बाजारातून आणलेल्या पक्ष्याला, तो धडधाकट असल्यास, लस द्यावी आणि दोन आठवडे वेगळे ठेवूनच इतरांत मिसळू द्यावे.